दुसऱ्या गिअरची खरखर

कोल्हापूरहून निघून वाघबीळ सोडलं की पन्हाळ्याचा चढ लागतो. तिथे तिसऱ्यातून दुसऱ्यात यावंच लागतं, आणि गेल्या जूनपासून नेमकी तिथेच आमची मारुती झेन ओरडायला लागली. खर्रर्र. गिरणीत दळणाबरोबर खडा जावा तसा आवाज. क्षणभरच, मग गिअर पडायचा आणि गाडी निमूट चढायची. पण त्या क्षणाला शेजारी बसलेले अण्णा डोळे मिटून घ्यायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. आंबा घाट किती वेळा चढला-उतरला याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही, पण घाटात कुठल्या वळणावर कुठला गिअर हे आजही झोपेतून उठवून विचारा.

गाडी २००३ सालची, आम्ही २०११ मध्ये दुसऱ्या हाताने घेतलेली. काटा एक लाख अडतीस हजारांवर. झेन १९९३ ला आली आणि २००६ ला बंद झाली, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात, पण आता दुकानदार शोधायला आत जातो आणि बराच वेळ बाहेर येत नाही. २०२३ मध्ये पासिंग पुन्हा करताना पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर भरला होता. एवढं करून तिला भंगारात घालायची माझी तयारी नव्हती.

पहिल्या गॅरेजमधला पोरगा कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आला आणि म्हणाला, "गिअरबॉक्स गेला मॅडम. खोलण्यात अर्थ नाही. जुना बॉक्स मिळतो, बसवून अठरा हजार." दुसऱ्या गॅरेजवाल्याने तर गाडीत न बसताच निकाल दिला : "क्लच सेट टाका, सगळं जाईल. नऊ हजार." दोघांचं मिळून दहा मिनिटांचं काम. आवाज कधी येतो, हे एकानेही विचारलं नाही.

रात्री जेवताना मी हे सांगितलं. अण्णांनी ताटातली आमटी संपवली, हात धुतला आणि म्हणाले, "आवाज येतोय हे कुणीबी सांगंल. आवाज कवा येत न्हाई, ते सांग."

मी हायस्कुलात गणित शिकवते. वाक्य मला पटलंच.

मग शंभर पानी वही घेतली आणि दोन आठवडे प्रत्येक फेरीनंतर नोंद केली. इंजिन थंड होतं की गरम, गिअर चढता की उतरता, क्लच पूर्ण दाबला होता का, पाय ॲक्सिलरेटरवर होता की काढलेला, रस्ता चढाचा की सपाट. शाळेच्या पार्किंगमध्ये वही काढून बसलेली बघून शिपायाने विचारलं, "मॅडम, पेट्रोलचा हिशेब?" मी हो म्हटलं. खरं सांगत बसले असते तर पहिला तास बुडाला असता.

दोन आठवड्यांनी वही वाचली तेव्हा कळलं की तक्रार एक नाहीच. दुसरा गिअर खरखरतो, पण वरून खाली येताना. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फारसा नाही, आणि सकाळी थंड गाडीत जास्त. रिव्हर्स जवळजवळ रोज ओरडतो. उतारावर पाय काढला की तिसरा निसटतो, दांडा आपोआप न्यूट्रलला येतो. हे पन्हाळ्यावरून उतरताना दोनदा झालं आणि दुसऱ्यांदा माझ्या पोटात गोळा आला. सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभं असताना बारीक घरघर. आणि पन्नासच्या पुढे भुंग्यासारखा एक गुंईं आवाज. पाच तक्रारी, आणि दोन्ही गॅरेजवाल्यांनी पाचही एकाच खात्यात जमा केल्या होत्या.

सुरुवात रिव्हर्सपासून केली, कारण अण्णा म्हणाले की रिव्हर्स खोटं बोलत नाही. त्याचं कारण असं. पुढच्या गिअरांना आत एक पितळी रिंग असते, सिंक्रोनायझरची. मेस्त्री लोक तिला 'कोन' म्हणतात. गिअर पडायच्या आधी ही रिंग दोन फिरत्या भागांचा वेग घासून सारखा करते, मग दात दातांत बसतात. आमच्या गाडीत रिव्हर्सला ही सोय नाही. दात थेट दातांत जातात. म्हणून आतला शाफ्ट पूर्ण थांबलेला असेल तरच रिव्हर्स गुपचूप पडतो. क्लच दाबल्यावर इंजिनचा आणि बॉक्सचा संबंध तुटला, तर तो शाफ्ट दोन-चार सेकंदांत आपोआप थांबायला हवा.

परीक्षा सोपी आहे. गाडी सपाटीला उभी, इंजिन आयडलवर, क्लच पूर्ण दाबून मनात पाच आकडे मोजायचे आणि मग रिव्हर्स. मी मोजले. खर्रर्र. दहा मोजले. तरी खर्रर्र. म्हणजे क्लच दाबूनही शाफ्ट फिरतच होता. क्लच पूर्ण सुटत नव्हता.

अण्णांनी माझ्या दप्तरातली पट्टी मागितली आणि पेडलजवळ वाकून बसले. पेडल बोटाने दाबत नेलं तर वजन लागेपर्यंतचा मोकळा खेळ दीड-दोन सेंटिमीटर असावा. आमच्याकडे तो चार भरला. एवढा प्रवास फुकट गेला तर उरलेल्यात क्लच सुटणार कसा? या गाडीचा क्लच केबलवर चालतो. बॉनेट उघडून पाहिलं तर केबलचं आवरण एका ठिकाणी मोडलेलं, आतली तार गंजून फुगलेली. नट आवळून खेळ कमी करता आला असता, पण मोडकी केबल आवळणं म्हणजे तुटायची तारीख जवळ आणणं. चारशे ऐंशी रुपयांची केबल आणली. गल्लीतल्या एका मुलाने ती तासाभरात बसवून दिली, खेळ पट्टीवर दोन सेंटिमीटरला आणला. पुन्हा पाच आकडे, पुन्हा रिव्हर्स. टक्. एवढाच आवाज.

नऊ हजारांचा क्लच सेट वाचला, असं मी त्या संध्याकाळी जाहीर करून टाकलं. ते पुढे खोटं ठरलं, पण ते नंतर.

केबलच्या आधी माझी एक चूक होऊन गेली होती, ती सांगायला हवी. न्यूट्रलमधली घरघर कुणाची, याचीही एक परीक्षा असते. न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवर नसताना इंजिन बॉक्सचा हाच आतला, म्हणजे इनपुट शाफ्ट फिरवत असतं, म्हणून त्या वेळी येणारा आणि क्लच दाबल्यावर जाणारा आवाज त्या शाफ्टच्या बेअरिंगचा. उलट क्लच दाबल्यावरच सुरू होणारा आवाज रिलीज बेअरिंगचा, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा. मी ही परीक्षा पहिल्याच आठवड्यात केली होती. क्लच दाबला तरी घरघर धड थांबेना, नुसती मंदावली. मी वहीत 'रिलीज बेअरिंग?' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. अर्थातच थांबणार नव्हती, शाफ्टच थांबत नव्हता ना. केबल नवी झाल्यावर तीच परीक्षा केली तर पेडल दाबल्याबरोबर घरघर दोन सेकंदांत मेली, सोडल्यावर परत आली. रिलीज बेअरिंग निर्दोष, इनपुट शाफ्टचं बेअरिंग दोषी. कुठली परीक्षा आधी घ्यायची याला किती महत्त्व असतं हे मी मुलांना वीस वर्षं सांगतेय; स्वतः मात्र समीकरण चुकीच्या टोकाकडून सोडवायला बसले होते.

निसटणाऱ्या तिसऱ्यासाठी गाडी बंद करून बसलो. इंजिन बंद असताना गिअर टाकून दांडा हलवून बघायचा. आमचा दांडा तिसऱ्यात असूनही आमटीतल्या पळीसारखा इकडून तिकडे फिरत होता. या गाडीत दांड्याच्या खालून एक लोखंडी रॉड बॉक्सपर्यंत जातो आणि त्याच्या सांध्यांत रबर-प्लॅस्टिकचे बुश असतात. वीस वर्षांत ते खाऊन जातात. मग हाताला वाटतं गिअर पडला, आत मात्र तो अर्धाच बसलेला असतो. दुसरं कारण इंजिनच्या मांडणीत. हँडब्रेक ओढून, बॉनेट उघडं ठेवून मी पहिल्या गिअरमध्ये क्लच अलगद सोडला आणि अण्णा बाजूला उभे राहून बघत होते. समोर नाही, बाजूला; हे त्यांनी मला तीनदा बजावलं. इंजिन एका बाजूला चांगलंच उचललं गेलं. इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटिंगचं रबर फाटलेलं. पाय काढला की इंजिन मागे झुकतं, रॉडला ओढतं आणि अर्धवट बसलेला तिसरा सुटतो. बुश आणि माउंटिंग मिळून हजाराच्या आत काम झालं. त्यानंतर तिसरा एकदाही निसटला नाही. निसटला असता तर आतल्या दातांवर किंवा स्प्रिंगवर संशय घ्यावा लागला असता, आणि ते बाहेरून दिसत नाही.

इथे अण्णांनी मला अजून एक सुनावलं. "हात का ठिवतीस दांड्यावर? विसावा घ्यायची जागा हाय व्हय ती?" खरंच माझा डावा हात सदा गिअरच्या दांड्यावर असतो. हाताचं ते वजन आत गिअर सरकवणाऱ्या सिलेक्टर फोर्कवर पडतं आणि फोर्क फिरत्या स्लीव्हला घासत राहतो. सवय गेलेली नाही. अण्णा शेजारी असले की हात मांडीवर असतो.

भुंग्याचं प्रकरण लवकर मिटलं, पण मला सगळ्यात जास्त चिडवून गेलं. सपाट, मोकळ्या रस्त्यावर साठला गाडी नेली आणि क्लच दाबून न्यूट्रल केली. (हे उतारावर करू नका.) इंजिन आयडलला आलं, गुंईं मात्र होतं तसंच. म्हणजे इंजिन नाही, बहुधा गिअरही नाही. आवाज चाकांबरोबर जातोय. मग रुंद रस्त्यावर गाडी हलकीच डावी-उजवी झुलवली. उजवीकडे वळवलं की वजन डाव्या चाकावर येतं, आणि आवाज वाढत होता तेव्हाच. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग! अठरा हजारांचा बॉक्स बसवला असता तरी भुंगा जागचा हलला नसता.

आता उरले दोन : दुसऱ्याची खरखर आणि शाफ्टची घरघर. रिव्हर्स शांत झाल्यापासून दुसराही थोडा सुधारला होता, पण सकाळी थंड गाडीत आणि घाईत खाली आणताना ओरडायचाच. आता ऑईल बघायचं ठरलं. उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींकडे गेलो. साठीच्या आसपासचे, मितभाषी, कानावर पेन. त्यांनी वही मागितली आणि उभ्या उभ्या चार पानं वाचली. मला तिथेच बरं वाटलं.

गाडी खड्ड्यावर घेतली. मी वाकून बघतेय म्हटल्यावर त्यांनी एक गोष्ट शिकवली, जी मी आता भेटेल त्याला सांगते. "मॅडम, खालचं बूच काढायच्या आधी वरचं सुटतंय का बघायचं. खालून ऑईल सांडून बसला आणि वरचं बूच न्हाई सुटलं, तर गाडी ढकलत न्यायची काय?" वरचं म्हणजे भरायचं, बॉक्सच्या बगलेला असतं. लेव्हलही तिथेच बघतात : गाडी सपाटीला उभी असताना ऑईल भोकाच्या काठाला लागलं पाहिजे. आमचं काठाच्या बोटभर खाली होतं. एक्सलच्या सीलपाशी तेलकट धूळ जमली होती, तिथूनच ते गेलं असणार.

मग खालचं बूच. काळपट, मधासारखं जाड ऑईल संथ धारेने पत्र्याच्या ट्रेमध्ये उतरलं. मेस्त्रींनी ते बोटावर घेतलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला, आणि बॅटरीचा उजेड ट्रेमध्ये तिरपा टाकला. ऑईलमध्ये सोनेरी चमक तरंगत होती. लग्नात वधूच्या गालावर लावतात ना, तसली बारीक चमकी. "पितळ," ते म्हणाले. "कोन झिजलाय." बुचाच्या लोहचुंबकावर राखाडी लगदा होता, गंधासारखा मऊ. तो त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला आणि फडक्याला पुसला. एवढा लगदा कुठल्याही जुन्या बॉक्समध्ये मिळतो. त्यात टोचणारे तुकडे, कपच्या असत्या तर दात तुटलेत असं समजायचं. कपच्या नव्हत्या. ट्रेच्या कडेला मात्र एक फिकट, ताकासारखी रेघ दिसत होती.

"पुरात हुती का गाडी?"

होती. जुलै २०२१. आमच्या रमणमळ्यात पाणी चढायला लागलं तेव्हा मी रात्री गाडी काढून वरच्या बाजूला नेली होती. गल्लीच्या तोंडाशी अर्धी चाकं पाण्यात होती. गाडी वाचवली म्हणून मी स्वतःवर खूष होते. मेस्त्रींनी समजावलं ते असं : बॉक्स चालून गरम झालेला असतो, आतली हवा फुगलेली असते. एकदम गार पाण्यात गेला की ती हवा आक्रसते आणि बॉक्स श्वास आत ओढतो. श्वासाची नळी वर असते म्हणून ती वाचली तरी जुन्या सीलमधून पाणी आत येतं. पूर ओसरल्यावर एका गॅरेजला मी सगळी ऑईलं बदलायला सांगितली होती, आणि त्यांनी बदललीही होती. उरलेला डबा प्रामाणिकपणे डिकीत ठेवला होता, तो चार वर्षं स्टेपनीशेजारी तसाच पडून होता. मी तो आणून दाखवला. मेस्त्रींनी लेबल वाचलं, डबा माझ्याकडे परत दिला आणि पहिल्यांदा हसले. ८५डब्ल्यू-१४०, जीएल-५. आकडे ऑईलच्या जाडीचे, जीएल त्याच्या दर्जाचं.

हे ऑईल वाईट नाही, ते दुसऱ्याच कामाचं आहे. ट्रकच्या मागच्या डिफरन्शिअलमध्ये दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घसरतात, तिथे असं जाड आणि निसरडं ऑईल लागतं. सिंक्रोनायझरची रिंग मात्र घासण्यावरच जगते. ती गिअरच्या शंकूवर दाबली गेली की मधला ऑईलचा थर पुसला जाऊन घर्षण झालं पाहिजे, तरच वेग सारखा होणार. थर पुसलाच गेला नाही तर रिंग नुसती घसरते आणि दात दातांवर आपटतात. शिवाय जीएल-५ मध्ये दाब सोसणारी गंधकयुक्त द्रव्यं जास्त असतात, आणि ती पितळाला मानवत नाहीत असं मेस्त्रींचं म्हणणं. सकाळी गाडी थंड असताना हे १४० काकवीसारखं घट्ट होत असणार. थंड गाडीत आवाज जास्त का, याचं उत्तर वहीला मिळालं.

नवं ऑईल घातलं त्याहून पातळ, ७५डब्ल्यू-९०, जीएल-४. नरसाळ्याला प्लॅस्टिकची नळी जोडून दोन लिटरच्या वर थोडं गेलं, काठावरून बारीक धार परत आली तेव्हा थांबलो. "तीनशे किलोमीटर चालवा, मग बोलू," मेस्त्री म्हणाले. बॉक्स खोलण्याचं नावही काढलं नाही.

तीनशे किलोमीटर म्हणजे शाळेच्या फेऱ्या आणि दोनदा पन्हाळा. थंड गाडीतली खरखर अर्ध्याहून कमी झाली. दांडा हलका झाला, इतका की पहिल्या दिवशी पहिल्याऐवजी तिसरा पडला. पण चढावर झटकन तिसऱ्यातून दुसऱ्यात आणलं की अजूनही खर्र. घरघर जागच्या जागी.

दुसऱ्या फेरीत अण्णा म्हणाले, "डबल क्लच मार."

मला येत नव्हतं. अण्णा ज्या गाड्यांवर शिकले त्यांच्या बॉक्सला कोन नव्हते. तिथे वेग जुळवायचं काम ड्रायव्हरच्या पायाने करायचं. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक झटका, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. हे सगळं वळणावर, भरलेली गाडी चढावर थबकायच्या आत. जमलं नाही तर गिअर पडत नाही आणि गाडी मागे येते. "आवाज आला की मागनं पोरं टाळ्या वाजवायची," अण्णा म्हणाले. "पयल्या महिन्यात लई टाळ्या खाल्ल्या."

वाघबीळच्या अलीकडे सपाटीला गाडी थांबवून मी पायांची तालीम केली. मग चढावर पहिला प्रयत्न फसला, झटका कमी पडला. दुसरा जास्त पडला. तिसऱ्यांदा ॲक्सिलरेटरचा आवाज वर गेला, क्लच आत, दांडा मागे, आणि दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. आवाज शून्य. अण्णांनी डोळे उघडेच ठेवले होते.

निदान इथे पूर्ण झालं. वेग मी जुळवून दिला तर दात गुपचूप बसतात, म्हणजे दात शाबूत; वेग जुळवणारी रिंगच थकलीय. आणखी एक खूण होती : दांडा दुसऱ्याच्या तोंडाशी हलकासा दाबून एक सेकंद थांबलं की तेव्हाही न ओरडता पडायचा. झिजलेल्या रिंगेला वेळ जास्त लागतो, एवढंच. घाई केली तरच ती हरते.

खरं तर एवढ्यावर थांबता आलं असतं. डबल क्लच मारत गाडी पाच वर्षंही चालली असती, अण्णांचा कौल तोच होता. पण शाफ्टच्या बेअरिंगला अशी सूट देता येत नाही. ते ढिलं झालं की शाफ्ट जागा सोडतो, मग चांगले दात एकमेकांवर वाकडे बसतात, आणि मग त्या पहिल्या पोराचे अठरा हजार खरे ठरतात. मी शाळेला दिवाळीची सुट्टी लागायची वाट बघितली.

बॉक्स उतरवायला अडीच तास लागले. दोन्ही एक्सल बाहेर, स्टार्टर मोकळा, इंजिनाखाली जॅक, आणि मग मेस्त्री आणि त्यांचा पोऱ्या दोघांनी मिळून बॉक्स नवजात बाळासारखा छातीशी धरून खाली घेतला. क्लच प्लेट समोर आली. रिव्हेटपर्यंत जेमतेम जीव उरला होता. माझी संध्याकाळची जाहीर घोषणा आठवली आणि मी मुकाट्याने क्लच सेटला होकार दिला; बॉक्स उतरलेला असताना प्लेट न बदलणं म्हणजे मजुरीला पुन्हा आमंत्रण.

बॉक्स बाकावर उघडला. सगळे गिअर एकमेकांना लागून, स्वच्छ, करड्या रंगाचे, आणि मधे पिवळ्या रिंगा. मेस्त्रींनी दुसऱ्याची रिंग गिअरच्या शंकूवर दाबून धरली आणि फटीत फीलर गेजची पाती घालायला लागले. नव्या रिंगेला ही फट एक मिलिमीटरच्या वर असते. अर्ध्याच्या खाली आली की बाद. तिसऱ्याची, चौथ्याची पात गेली. दुसऱ्याची सगळ्यात पातळ पातही अडली. रिंग शंकूवर पार बसली होती, चावायला जागाच नव्हती. आतल्या बाजूचे बारीक आटे बोटाला लागतच नव्हते, नुसतं गुळगुळीत. गिअरच्या दातांची टोकं किंचित बोथट होती, मेस्त्रींनी ती उजेडात फिरवून पाहिली आणि "चालंल" म्हणाले.

इनपुटचं बेअरिंग त्यांनी डिझेलने धुतलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. बोटाने फिरवलं तर वाळूवरून फिरल्यासारखं. बाहेरच्या कड्यावर ओळीने तपकिरी ठिपके होते, गोळ्या जितक्या अंतरावर असतात तितक्याच अंतरावर. पुराच्या पाण्यानंतर गाडी आठवडाभर जागची हलली नव्हती, तेव्हा जिथे गोळ्या टेकल्या होत्या तिथेच गंज धरला. चार वर्षांनीही प्रत्येक ठिपका वेगळा मोजता येत होता.

रिंग, बेअरिंग, सगळी सीलं, क्लच सेट आणि मजुरी मिळून तेरा हजार सातशे झाले. भोवतालचे किरकोळ खर्च आणि चाकाचं बेअरिंग धरलं तर पहिल्या पोराने सांगितलेल्या आकड्याच्या खाली दीडेक हजारांनी. म्हणजे पैशात फार वाचले असं मी म्हणणार नाही. जुन्या बाजारातला बॉक्स कुठल्या पुरातून आलेला असता ते मात्र कुणी सांगितलं नसतं.

पहिल्या फेरीला अण्णा आले. वाघबीळ, चढ, तिसरा, दुसरा. टक्. सवयीने माझा पाय डबल क्लचला उचलला गेला होता, तो मी अर्ध्यात परत ठेवला. अण्णा काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर केर्लीच्या पुढे सपाटीला त्यांनी काच खाली केली, कान बाहेरच्या बाजूला केला.

"पाचवा गुणगुणतोय."

मीही ऐकलं. सत्तरच्या आसपास, पाय दाबलेला असताना, अगदी बारीक; पाय काढला की गायब. पाय दाबल्या-सोडल्यावर बदलतो म्हणजे हा गिअरचाच. ऑईल कमी झालं होतं त्या काळात त्याला कोरडं राहावं लागलं असेल. पाचवा या बॉक्समध्ये टोकाला, वेगळ्या झाकणाखाली असतो, बॉक्स न उतरवता बघता येतो. घरी आल्यावर वहीच्या पुढच्या पानावर तारीख आणि काट्यावरचे किलोमीटर लिहिले, खाली 'पाचवा, ७०, दाबल्यावर'. आता दर महिन्याला तिथे एक ओळ पडते. २०२८ च्या पासिंगच्या आधी झाकण उघडायचं ठरवलंय.

झिजलेली रिंग मी मागून घेतली होती. यंदा दहावीला शंकूछेद शिकवताना ती वर्गात फिरवली. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने ती उलटी धरून आतला व्यास मोजला आणि विचारलं की दोन्ही बाजूंच्या त्रिज्या मिळाल्या, उंची मिळाली, पण झिजलेलं घनफळ काढायचं तर नवी रिंगही लागेल ना? लागेल. पुढच्या वेळी उद्यमनगरात गेले की मेस्त्रींकडे मागणार आहे.